काव-चुन्याचा वाद

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, जुन्नर यांपैकी कुठल्याही बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलं, तर मागच्या फळीवर काव, चुना, नीळ, सुतळी आणि बायंडिंग तार असते. पुढच्या फळीवर अलीकडे वारली चित्रांचे स्टेन्सिल आणि भिंतीला चिकटवायचे स्टिकर आले आहेत. या दोन फळ्यांवरून चाललेला एका मामा-भाचीचा वाद मी ऐकला, तो इथे मांडतो आहे. मामांचं मंचरला दुकान आहे. भाची जुन्नरच्या पश्चिमेकडच्या गावांत चित्रकला शिकवते, आणि मुलांच्या आयांना दुकानातल्याच स्वस्त मालातून घराच्या भिंतीसाठी चित्रं करायला शिकवण्याचं तिने मनावर घेतलं आहे. माल विकणारा माणूस तिच्या बाजूचा असेल असं कुणालाही वाटेल. तसं नाही. मामांचा विरोध आहे, आणि तो विचार करून केलेला विरोध आहे.

मामा : यादी बघितली तुझी. चुना, काव, चाळलेली वाळू, चिकन जाळी, यू खिळे, प्लायचे तुकडे. अगं, हा गवंड्याचा माल आहे. यात चित्र कुठनं येणार?

भाची : गवंड्याच्याच मालातून आलंय मामा, पूर्वीपासून. गोव्यात मोरजीला मोरजाईचं देऊळ आहे. तिथल्या भिंतींवरची तांबडी-पांढरी नक्षी म्हणजे काव आणि चुना, तिसरं काही नाही. पांढऱ्या चुन्यावर कावेचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. कावी म्हणतात तिकडे. गोव्यात आणि तळकोकणात जुन्या देवळांवर हे काम आहे.

मामा : देवळाचं काम करणारे पिढीजात कारागीर होते. तुझ्या बाया चार दुपारी शिकणार आणि भिंतीवर टांगणार. वर्षभरात त्याचा भुगा पडेल, आणि मग ती बाई मला येऊन म्हणेल की तुमचा चुनाच खोटा.

भाची : भुगा पडतो तो घाई केल्यामुळे. चुना भिजायला वेळ दिला नाही, की गिलाव्यात राहिलेले खडे नंतर फुलतात आणि पापुद्रे उडतात. चुना नीट भिजवला, फडक्यातून गाळला, एकाला अडीच-तीन वाळू घेतली आणि सावलीत हळूहळू वाळू दिला, तर तो हवेतला कार्बन डायऑक्साईड घेतो आणि परत चुनखडी होतो. कावेचा कण त्या चुनखडीत अडकून बसतो. वर वेगळा डिंक लागत नाही की वॉर्निश.

मामा : आणि रंग? नीळ, पिवळा, हिरवा, सगळं टाकशील त्यात.

भाची : सगळं चालत नाही. काव म्हणजे लोखंडाचा ऑक्साईड, तिला चुन्याचं काही होत नाही. तुमचा यलो ऑक्साईड चालतो, ब्लॅक ऑक्साईड चालतो, नीळही टिकते. हळद टाकली तर लाल होते. कुंकू तसंच तर करतात, हळदीला चुना लावून. म्हणून झाडपाल्याचे रंग मी चुन्यात घालायला सांगत नाही. आणि सुटी काव घेताना आधी चिमूटभर चुन्याच्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवायची. वरचं पाणी लाल झालं तर तिच्यात कपड्याचा रंग मिसळलाय, ती घ्यायची नाही.

मामांनी यावर काही म्हटलं नाही, पण काऊंटरखालच्या कावेच्या पोत्याकडे एकदा बघितलं. पुढचा मुद्दा मात्र त्यांनी असा काढला, की मला तो आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घरगुती कलाकुसरीबद्दल लिहिणारं कुणी तो सहसा लिहीत नाही.

मामा : वजन किती होईल?

भाची : कशाचं?

मामा : तुझ्या चित्राचं. दोन फूट बाय तीन फूट, आणि गिलावा एक सेंटीमीटर धर. नुसता गिलावाच नऊ-दहा किलो होतो. त्यात प्लाय आणि जाळी. घरकुलाची भिंत चार इंची विटेची, आतला गिलावा कसाबसा. तिथं बायका काय करणार? खिळा ठोकणार. खाली पाळणा असतो गं.

भाची : म्हणून मी दीड बाय दोनच्या वर जाऊ देत नाही, आणि थर अर्धा सेंटीमीटरच. मग गिलावा अडीच किलोच्या आसपास बसतो.

मामा : तरी खिळा नाही. ड्रिल, गिट्टी, स्क्रू. आणि दोन ठिकाणी. ज्यांच्याकडे ड्रिल नाही त्यांना माझ्याकडचं घेऊन जायला सांग. दुसरं, प्लाय ओला झाला की वाकतो. त्याच्यावर आधी ऑईल पेंटचा हात मार, मागनं-पुढनं, कडांनासुद्धा. तो वाळला की मग जाळी. जाळीचे यू खिळे चार-चार इंचांवर. नाही तर जाळी उठते आणि गिलावा तडकतो.

भाची : हे मला माहीत नव्हतं.

मामा : आणि एक लिहून घे. कुणी म्हणेल, प्लाय कशाला, घरी जुना सिमेंटचा पत्रा पडलाय, तो कापू. कापायचा नाही. घासायचा नाही. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. आणि कळीचा चुना बायकांच्या हातात द्यायचा नाही, तो पाण्यात टाकला की उकळतो. डोळ्यात गेला तर डोळा जातो. पिशवीतला विझवलेला चुना घे. हातमोजे, चष्मा. मुलं लांब.

असं वाटेल की इथे मामा मऊ झाले. तसं झालं नाही. धोक्याची माहिती देणं हा त्यांच्या धंद्याचा धर्म आहे, तो त्यांनी पाळला. मूळ आक्षेप जागेवरच होता: घराला चित्र हवंच कशाला, आणि हवं असेल तर ते स्वतःच कशाला करायचं?

मामा : आपल्याकडं भिंत म्हणजे काय होती सांग. पांढऱ्या मातीचा पोतेरा, खाली कावेचा पट्टा. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे, श्रावणात जिवतीचा कागद लावायचा. लग्न निघालं की पेंटर येऊन दारावर हत्ती, कलश आणि दोघांची नावं काढून जायचा. ज्याचं त्याचं कारण होतं. तुझ्या त्या चित्राच्या फळीला कारण काय? भिंत रिकामी दिसते, हे काय कारण झालं?

भाची : मामा, ते पोतेऱ्याचं कारण कुठे राहिलं? मातीच्या भिंती गेल्या. सिमेंटच्या भिंतीला दरसाल सारवावं लागत नाही, हे बाईच्या पाठीला सुखाचंच आहे, त्याबद्दल मला रडायचं नाही. पण वर्षातनं एकदा तिचा हात आपल्या घराच्या भिंतीवरून फिरायचा, पट्टा कुठे संपवायचा, ठिपके कसे द्यायचे, हे ती ठरवायची. आता रंग ठेकेदार ठरवतो. मी तिला दीड बाय दोन फुटांत ते ठरवणं परत देतेय. हे कारण पुरेसं नाही का?

मामा : मग स्टेन्सिल घे म्हणावं. वारलीचा. अर्ध्या तासात भिंत होते. माझ्याकडं सगळ्यात जास्त तोच खपतो.

भाची : तोच नको.

मामा : का? आदिवासी चित्र आहे, आपल्याकडचे लोकही आदिवासी.

भाची : आपल्याकडचे महादेव कोळी, ठाकर. वारली डहाणू-तलासरीकडचे. आदिवासी म्हटलं की सगळे एक, असं नसतं ना. वारल्यांकडे लग्नाचा चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. तो लग्न लावणाऱ्या धवलेरी आणि सुवासिनी काढायच्या, तांदळाच्या पिठाने. चौक निघाल्याशिवाय लग्न नाही. तुमच्या स्टेन्सिलवर तोच चौक आहे, आणि लोक तो सोफ्याच्या मागे मारतात.

मामा : त्यांचेच लोक कागदावर काढून विकतात की. ते पद्मश्रीवाले.

भाची : जिव्या सोमा म्हशे. गंजाडचे. हो, विकतात, आणि विकावंच. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिकडे गेले, त्यांनी कागद दिला, आणि बायकांनी लग्नापुरतं काढायचं ते चित्र म्हशेंनी रोज काढायला घेतलं. शेत, मासेमारी, मुंग्या, पाऊस सगळं त्यात आलं. 2011 ला पद्मश्री मिळाली, 2018 ला ते गेले. त्यांच्या हातून ते चित्र वाढलं. स्टेन्सिलमधून ते वाढत नाही, एकच बाहुली हजार भिंतींवर बसते. 2014 पासून वारली चित्राला भौगोलिक मानांकनही आहे. ज्याला वारली चित्र हवं त्याने डहाणूहून विकत आणावं.

मामा : बरं. मग गोव्याच्या देवळाची कावी तू उचललीस, ती कशी चालते?

हा प्रश्न ऐकून मला वाटलं, आता भाची अडकणार. ती काही वेळ गप्प राहिली. मग जे बोलली ते मला पटलं, तरी मामांना पटलं असं म्हणता येणार नाही.

भाची : मी त्यांची नक्षी उचलत नाही. कृती घेते. ओला थर खरवडून खालचा रंग काढायची कृती इटलीतल्या गवंड्यांनीही केली आहे, ती कुणा एकाच्या देवाची नाही. मोरजाईच्या भिंतीवरची वेल मी आमच्या बायकांना काढायला लावत नाही. त्यांनी काय काढलं ते बघा ना. एकीने हिरड्याची फांदी काढली, फळासकट. एकीने भाताची आवणी, वाकलेल्या बायांची ओळ. एकीने नाणेघाटातला दगडी रांजण काढला, आणि त्याच्याशेजारी स्वतःचा प्लास्टिकचा ड्रम. मी सांगितलं नव्हतं.

मामा : प्लास्टिकचा ड्रम?

भाची : उन्हाळ्यात टँकरचं पाणी त्यातच भरते ती. इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात. तिला ते भिंतीवर असावंसं वाटलं. आणि कोकणची कृती घाटावर कशी आली म्हणाल, तर नाणेघाट कशासाठी आहे? सातवाहनांपासून कल्याण-सोपाऱ्याचा माल त्याच वाटेने जुन्नरला चढलाय.

मामा : हे तू शाळेतल्यासारखं बोलतेस.

भाची : मग दुकानातल्यासारखं बोलते. माझ्या यादीत तुमच्याकडे न मिळणारी एक वस्तू आहे.

मामा : कुठली?

भाची : हिरडा.

हिरड्याबद्दल इथे थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या सगळ्या प्रकाराला जुन्नर-आंबेगावचं करणारी वस्तू हीच आहे. आहुपे, भीमाशंकर, घाटघर या डोंगरपट्ट्यात बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणं हा महादेव कोळी कुटुंबांच्या रोख पैशाचा मोठा आधार आहे. जवळजवळ सगळा माल पोत्यांतून बाहेर जातो. गिऱ्हाईक औषधवाले, कातडं कमावणारे, रंगवाले. आपल्याच डोंगराचा हिरडा आपल्या घरात वापरण्याची सवय पोटदुखीपुरती उरली आहे. पण जुन्या चुन्याच्या बांधकामात हिरड्याचं पाणी, गूळ, बेलफळ घालत. किल्ल्यांची आणि वाड्यांची दुरुस्ती करणारे कारागीर आजही ते घालतात. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, आणि टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की पक्का काळा रंग होतो. एका प्रकारची जुनी शाई याच जोडीवर, हिरडा आणि हिराकस, बनत असे. ज्या जुन्नरचा हातकागद पेशवाईतल्या दफ्तरांत गेला, त्या जुन्नरच्या माथ्यावरच शाईचा हा अर्धा माल झाडाला लागत होता.

भाची : चौकटीचं बोलतेय मी. एमडीएफची तयार चौकट महाग पडते आणि पावसाळ्यात फुगते. मी साध्या लाकडाच्या पट्ट्या घेते, किंवा बांबू चिरून घेते. त्यावर हिरड्याचा काढा फिरवायचा आणि वाळू द्यायचा. एका बरणीत शिरका आणि तुमचे गंजके खिळे आठवडाभर ठेवायचे, झाकण सैल. ते पाणी वरून फिरवलं, की लाकूड डोळ्यांदेखत काळं होतं. रंगाचा थर नसतो, लाकूडच काळं झालेलं असतं, त्यामुळे पोपडे निघत नाहीत.

मामा : गंजके खिळे मी भंगारात किलोनं देतो.

भाची : आता मला द्या.

मामा : देईन. पण बांबू चिरायला बुरूडाकडं जा. तू चिरशील तर बोट कापशील, आणि त्याचंही काम जाईल. आपल्याकडच्या लेण्यांत त्यांचं नाव कोरलेलं आहे म्हणतात ना?

भाची : आहे. जुन्नरच्या एका शिलालेखात बुरूडांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे.

मामा : बघ. म्हणजे त्यांच्याकडं लोक पैसे ठेवत होते, एवढा त्यांचा विश्वास होता. आता सांग, माझं खरं म्हणणं काय आहे ते कळतंय का तुला? तू म्हणतेस, बाईनं स्वतः करावं. मी म्हणतो, प्रत्येकानं सगळं स्वतः केलं तर हातावर पोट असलेला माणूस जाणार कुठं? आपले पेंटर बघ. दुकानाच्या पाट्या, टेम्पोच्या मागची अक्षरं, नारायणगावला तमाशाच्या राहुट्यांचे बोर्ड, सगळं हातानं चालायचं. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं. माझ्याकडं ब्रश न्यायला यायचे ते आता पुट्टी न्यायला येतात. त्यातला एखादा तुझ्या या दीड बाय दोनच्या फळ्या किती सुंदर करेल. तू त्याला बोलवत नाहीस, आणि बायकांना फुकट शिकवतेस.

इथे मला माझं मत सांगितलं पाहिजे. वारलीच्या बाबतीत भाचीचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि घराच्या भिंतीवर घरातल्या माणसाचा हात फिरावा हेही. पण पेंटरबद्दल मामा जे म्हणाले, त्याला तिच्याजवळ उत्तर नव्हतं आणि माझ्याजवळही नाही. स्वस्तात घरी करा, असं सांगणाऱ्या लिखाणात त्या कामावर जगणारा माणूस हिशेबातच नसतो. मंचरच्या बाजारात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्याची अक्षरं लांबून ओळखू यायची असे पेंटर होते. त्यांचं वळण कुणी जपून ठेवलेलं नाही. स्टेन्सिल आणि फ्लेक्स या दोघांनी मिळून जे नेलं, ते घरगुती छंदाने परत येणार नाही, त्यासाठी कुणाला तरी मजुरी मोजावी लागते.

भाची : तुमचं म्हणणं असं की मी पेंटर बोलवावा.

मामा : पैसे देऊन. बायकांना शिकवायला. रेघ कशी ओढायची, हात कुठं टेकवायचा, मोठं अक्षर जागेत कसं बसवायचं. तू कागदावर शिकवणारी. ओल्या भिंतीवर, उभ्यानं, वेळेच्या आत काम करायचं हे त्याला माहीत आहे. कावेचा थर तुझ्यासाठी थांबणार आहे का?

भाची : नाही थांबत. दिला की काही तासांतच खरवडावा लागतो. घट्ट झाला की कडा तुटतात, फार ओला असला की चिखल होतो.

मामा : मग. मजुरी मी देतो. माल तू उधार ने. पण त्याच्या हाताखाली सुद्धा बायका आपलंच काढतील, त्याचे हत्ती नाहीत, हे तू बघ. नाही तर तेही एक स्टेन्सिलच झालं.

भाची : आणि फळ्या विकायच्या का? दोघी-तिघींनी विचारलंय. भीमाशंकरला, लेण्याद्रीला माणसं येतात. घेतील.

मामा : विकायच्या असतील तर आधी चांगल्या करा. चुन्याचा पापुद्रा निघालेली एक जरी फळी पुण्याला गेली, तर पुढच्या सगळ्या पडून राहतील. आणि किंमत लावताना बुरूडाची मजुरी, पेंटरचा रोज आणि बाईचा दिवस धरायचा. मालाची किंमत काय, माल स्वस्तच आहे. माल स्वस्त म्हणून वस्तू स्वस्त विकायची, ही चूक धंद्यात पुष्कळांनी केली.

भाची : म्हणजे तुमचा विरोध संपला.

मामा : कुठं संपला? तुझं चित्र टिकतं हे मी अजून पाहिलेलं नाही. आता असं कर. एक फळी माझ्या दुकानाबाहेर लाव. एक पावसाळा जाऊ दे तिच्यावरून. टिकली, तर पुढच्या फळीवरचे ते स्टेन्सिल मी उतरवतो.

भाची : बाहेर नाही मामा. एवढा पातळ थर झडीचा पाऊस कसा सोसेल?

मामा : का? मोरजाईला पाऊस लागत नाही का?

भाची : तिथल्या भिंतीला छपराचा आडोसा आहे.

मामा : मग माझ्याही वळचणीखालीच लाव. पण दाराशेजारी, गिऱ्हाईकाला दिसेल अशी. आणि चुना आजच भिजत घाल, तुला घाई करायची सवय आहे.